सरपण हिवाळ्याचं, काम उन्हाळ्याचं

ताई, तुमची अडचण मला जशी कळली तशी आधी मांडतो. शाळेतल्या नोकरीमुळे तुम्ही दोघं जळगावहून धडगावच्या वरच्या अंगाला राहायला गेलात. सासू-सासरे सोबत आहेत, दोघंही सत्तरीपुढचे. तिकडची थंडी बघून तुमच्या यजमानांनी शहाद्याच्या वेल्डिंगवाल्याकडून धुराड्याची लोखंडी शेगडी करून घेतली आणि दिवाळीनंतर दोन ट्रॉल्या बाभूळ विकत घेतली. आता शेगडी पेटते, पण खोली तापत नाही. लाकडाच्या टोकातून फेस येतो, धूर कोंडतो, बंबाला तास-दीड तास लागतो. लाकूड वाईट की शेगडी वाईट, पुढच्या वर्षी किती साठवायचं, कधी फोडायचं, कसं रचायचं, आणि उंबर जाळू नये असं सासूबाई म्हणतात ते खरं का, हे तुमचे प्रश्न.

लाकूड वाईट नाही. बाभळीसारखं सरपण नाही. शेगडीही बहुधा ठीकच असेल. तुमचं लाकूड ओलं आहे, एवढंच. मी तरुणपणी बरीच वर्षं सरपणाच्या वखारीत काढली, नंतर शहाद्याकडे शेती केली. दरवर्षी दोन घरांचं सरपण आजही मीच तोडतो, फोडतो, रचतो. इतक्या वर्षांत चूल धुपते, शेगडी तापत नाही अशा ज्या तक्रारी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकांचं मूळ ओल्या लाकडात निघालं.

ओल म्हणजे नेमकं काय नुकसान, ते बघा. ताज्या तोडलेल्या बाभळीच्या १० किलोत साधारण ४ किलो पाणी असतं. ते पाणी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड नीट पेट घेत नाही. ४ लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात २० लिटरच्या चार बादल्या पाणी ३० अंशांनी तापतं. म्हणजे घरातल्या चौघांची आंघोळ झाली असती! तरीही हे नुकसान लहानच म्हणायचं, कारण लाकडातल्या एकूण उष्णतेच्या ते दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरतं. मोठं नुकसान पुढे होतं. पाण्यामुळे आग थंड राहते, आणि लाकडातून निघणारा वायू पेटायला जी धग लागते ती तयारच होत नाही. मग तो वायू न जळताच बाहेर पडतो. आपण ज्याला धूर म्हणतो, त्यात हे न जळलेलं सरपणच असतं. तोच धूर तुमच्या धुराड्यात वर जाऊन थंड पत्र्यावर डांबरासारखा चिकटतो. धुराडं एकदा हातोडीने ठोकून बघा. आवाज बसका आला तर आतून थर बसलाय असं समजा. तो उतरवून घ्या, कारण एखाद्या दिवशी सुकं लाकूड ढणढणलं की तो थर धुराड्यातच पेटतो.

आधी या हिवाळ्याचं बघू. दोन ट्रॉल्या परत करता येणार नाहीत. त्यातलं रोज लागणारं लाकूड आठ दिवस आधी घरात आणायचं, मनगटाएवढं जाड असेल तर त्याचे अंगठ्याएवढे चार भाग करायचे, आणि शेगडीपासून हातभर लांब उभं करून ठेवायचं. शेगडीला टेकवून नाही, तिच्यावर तर मुळीच नाही. रात्री सगळे झोपल्यावर ते पेटतं. पेटवायला आणि मधून मधून धग द्यायला खालून शहाद्याकडून पऱ्हाटी आणि तुराट्या मागवा. त्या सुक्या असतात आणि कापूस-तुरीच्या गावात जवळजवळ फुकट मिळतात. पऱ्हाटीचा चांगला इंगळ पडला की त्यावर बाभळीची एक-दोनच फाटी ठेवायची. ओल्या लाकडाची सवय अशी की माणूस घाबरून शेगडी ठासून भरतो, आणि जितकं भरतो तितकं ते विझतं.

आता पुढच्या वर्षाचं. सरपण लागतं हिवाळ्यात, पण ते तयार होतं उन्हाळ्यात, आणि खानदेशाला त्यासाठी देवाने दिलेली भट्टी आहे. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा ४२-४४ वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, दुपारी वारा सुटतो. परदेशात लाकूड वाळायला एक-दोन वर्षं ठेवतात. आपल्याकडे मनगटाएवढी फोडलेली बाभूळ अडीच-तीन महिन्यांत टणक वाळते. अट एकच, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी फोडून रचलेली असली पाहिजे. म्हणून माझा नेम ठरलेला आहे: तोड पौष-माघात, फोड होळीच्या आत, आणि मृगाच्या आत वर छप्पर. तुमच्या भागात होळीआधीचे भोंगऱ्या बाजार सुरू झाले की समजायचं, कुऱ्हाड खाली ठेवायची वेळ आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात तेव्हा माझ्या थप्पीतल्या लाकडाच्या टोकांना चांदणीसारख्या भेगा पडलेल्या असतात.

तुमचं गाव सपाटीवर नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. तुमच्या तालुक्यातलं तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे. अक्राणीच्या, म्हणजे तुमच्या धडगावच्या, डोंगरात पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त, ऊन कमी, सकाळी दव जास्त. म्हणून तुम्ही लाकूड आमच्यापेक्षा बारीक फोडा आणि छप्पर आठ-दहा दिवस आधी टाका.

लाकूड कोणतं घ्यावं? बाभूळ पहिली. जड, धीम्या आगीची, इंगळ बराच वेळ टिकवणारी. जाळण्यात धावडा बाभळीच्याही वर आहे, पण तो जंगलातला. त्याचं खरं मोल कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बैलगाडीच्या आसाला. जाळताना माझा जीव तुटतो. हिवर चांगला, बोर चांगली. चिंचेची धग फार, पण तिचे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की फोडताना घाम निघतो. निंब जळतो बरा, पण धूर कडवट, डोळ्यांत आणि घशात झोंबतो. धुराड्याच्या शेगडीत चालेल, उघड्या चुलीत नको. सुबाभूळ मिळाली तर घ्या, लवकर वाळते. निलगिरी घेतलीत तर ताजी असतानाच फोडा, वाळल्यावर तिला कुऱ्हाड लागत नाही. सालई, पांगारा, शेवगा ही हलकी लाकडं. कागदासारखी भुर्रकन जळतात, पेटवणीपुरती ठीक. कण्हेर कधीच नको, उघड्यावरच्या शेकोटीतही नको; ती विषारी, आणि तिचा धूरही बाधतो.

आणि एक झाड असं आहे जे तोडल्याबद्दल कोणाला हळहळ वाटत नाही, ती वेडी बाभूळ. नाल्याकाठी, तापीकाठी, पडीक जमिनीत ती माजलीय. तिचं लाकूड जड, धग उत्तम, आणि बुंधा राहिला की पुन्हा फुटते. तिचा काटा मात्र वाईट. चपलेच्या तळातून वर येतो आणि मोडून आत राहिला तर पाय सुजतो. आधी कोयत्याने काटेरी फांद्या सवळून बाजूला करा, त्या कुंपणाला लागतील, आणि मग खोडाला हात घाला. पायात बूट हवेत.

तोडण्याआधी झाड कोणाचं ते विचारून घ्या. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. साग, मोह, आंबा, चिंच, खैर, अंजन, जांभूळ अशी काही झाडं आपल्या स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही, म्हणूनच बांधावरची बाभूळ हे खानदेशचं पिढ्यान्‌पिढ्या सरपण राहिलंय. रस्त्याकडेचं झाड आपलं नसतं. जंगलाचा प्रश्न असेल तर तुमच्या गावाच्या ग्रामसभेत विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्यात काटक्या-झुडपं आणि बुंधे हे गौण वनोपज धरलेत, आणि नंदुरबार जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेली गावं आहेत. कोणत्या भागातून काय उचलायचं हे त्या गावांत लोकच ठरवतात. तुम्ही तिथे नोकरीला आलेल्या. त्यांना विचारून, त्यांच्या बरोबरीने गेलात तर मान राहील आणि चार गोष्टी शिकायलाही मिळतील. डोंगरातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन जी वाट उतरतात, ती वाट एकदा रिकाम्या हाताने चालून बघा. मग सरपणाचा एकेक तुकडा जपून वापरावासा वाटेल.

आणखी एक कळकळीची विनंती. जंगलातलं उभं वाळलेलं, ढोलीचं झाड तोडू नका, कोणाला तोडायलाही लावू नका. वनपिंगळा नावाचं लहानसं घुबड १८८४ नंतर कोणाला दिसलंच नव्हतं, ते जगातून नाहीसं झालं असं मानत होते. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, ते आमच्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला सापडलं. ते झाडाच्या ढोलीतच अंडी घालतं. वाळकं, पोकळ झाड म्हणजे आयतं सरपण असं आपल्याला वाटतं, पण त्यात कोणाचं तरी घर असतं. खाली पडलेलं उचला. शिवाय पोकळ लाकडात धग ती किती!

विकत घ्यायचं तर कधी, कसं घ्यायचं? वखारीत लाकूड काट्यावर मिळतं. वजनावर ओलं लाकूड घेणं म्हणजे पाणी विकत घेणं. मी ज्या वखारीत होतो तिथे गिऱ्हाईक यायच्या आधी रात्री थप्पीवर पाणी मारायला सांगायचे. ते काम मी केलंय, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण घेणारी माणसं आमच्यासारखीच हातावर पोट असलेली होती. तुम्ही माघात ओलं घेणार असाल तर वजनावर न घेता ट्रॉलीच्या मापावर ठरवा. दिवाळीनंतर सुकं म्हणून कोणी देत असेल तर दोन फाटी हातात घेऊन एकमेकांवर आपटा. सुकी असतील तर टणटण वाजतात, ओली भद्द वाजतात. टोकाला भेगा हव्यात, साल नखाने सुटली पाहिजे. शंका असेल तर एक फाटं मधून फोडायला लावा आणि आतली बाजू गालाला लावून बघा. गार लागली की ओल आहे.

किती लागेल? माझ्या घरचा हिशेब सांगतो. पाच माणसांचं आंघोळीचं पाणी आणि संध्याकाळी तीन-चार तास शेगडी, एवढ्याला सुकी बाभूळ दिवसाला ६-७ किलो जाते. कार्तिकाच्या शेवटच्या आठवड्यापासून माघाच्या शेवटापर्यंत १०० दिवस धरा, म्हणजे ६-७ क्विंटल. तुमच्याकडे थंडी जास्त आणि घरात म्हातारी माणसं, म्हणून १० क्विंटल धरा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच अशी नीट रचलेली सुकी बाभूळ साडेचार-पाच क्विंटल भरते. म्हणजे तुम्हाला असे दोन-सव्वादोन चौरंग लागतील. तुमच्या दोन ट्रॉल्या नीट वाळवल्या असत्या तर पुरून उरल्या असत्या.

फोडणीकडे येतो. लाकूड आधी कापायचं, मग फोडायचं. पाणी आडवं कमी आणि टोकांकडून जास्त निघतं, कारण झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या उभ्या असतात आणि कापलेल्या टोकाशी त्यांची तोंडं उघडी पडतात. साल तर ओल कोंडून ठेवते. अख्खा ओंडका सालीसकट उन्हात ठेवला तर वर्षाने आतून ओलाच निघतो. शेगडीच्या तोंडाची खोली मोजा आणि त्यापेक्षा चार बोटं आखूड तुकडे करा. बंबासाठी वीतभर लांब, दोन बोटं जाड. त्याला आपण बंबफोड म्हणतो, ती वेगळी ठेवा.

बाभूळ ओली असतानाच फोडायची. नव्या माणसाला वाटतं, वाळली की ठिसूळ होईल. उलट आहे. ओली बाभूळ एका घावात दोन होते, वाळल्यावर कुऱ्हाड टणकन उडते. तोडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत फोडून मोकळं व्हा. खाली गुडघ्याच्या थोडा खाली येईल असा जाड ओंडका पुरा, त्यावर लाकूड उभं ठेवा. आमच्याकडे लाकूड जमिनीवर आडवं टाकून पायाने दाबून फोडायची पद्धत आहे. ती सोडा. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ अजून वण आहे. कुऱ्हाड गाठीवरून सरकली आणि चप्पल फाडून गेली, हाड थोडक्यात वाचलं. ओंडक्यावर ठेवलेलं लाकूड चुकलं तर घाव ओंडक्यात जातो.

लाकडाचं टोक वरून नीट बघा. मधून बाहेर गेलेली एखादी बारीक भेग असतेच. त्या भेगेच्या रेषेत घाव घालायचा. जाड ओंडक्याला पहिला घाव मध्यभागी घालू नका, कडेला घाला, आणि कडाकडाने ढलपे काढत आत या. गाठ असेल तर ती खालच्या अंगाला ठेवा. पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहा. कुऱ्हाड खाली येताना गुडघे किंचित वाकवा, म्हणजे घाव सरळ खाली जातो, तिरपा पायाकडे येत नाही. जोर खांद्याचा लावू नका, कुऱ्हाडीचं वजन काम करतं. पातळ पात्याची तोडायची कुऱ्हाड फोडायला वापरली की अडकून बसते. फोडायला जाड गालाची, बोजड कुऱ्हाड हवी. चिंच किंवा गाठाळ बुंधा असेल तर दोन लोखंडी पाचरी आणि घण घ्या. पाचर ठोकताना तिच्या माथ्यावरून लोखंडाचे कण उडतात, म्हणून डोळ्याला चष्मा लावा. दांडा ढिला वाटला तर काम तिथेच थांबवा. दांडा रात्रभर पाण्यात टाकून घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण दुसऱ्या दुपारच्या उन्हात पुन्हा ढिला होतो. नेढ्यात नवी पाचर मारून घ्या, आणि शेजारी पोरं उभी असतील तर त्यांना आधी लांब पाठवा.

रचणं हे अर्ध्याहून अधिक काम. १९९० च्या आसपासची गोष्ट असेल. अवकाळी पावसाच्या धास्तीने मी चैत्रातच नवी फोडलेली बाभूळ भिंतीला लागून ढीग करून टाकली आणि वरून खालपर्यंत प्लॅस्टिकच्या कागदाने गच्च बांधली. दिवाळीत कागद सोडला तर आत पांढरी बुरशी, कुबट वास, आणि लाकडाखाली पिठासारखा भुसा साचलेला. भुंग्याने निम्मं लाकूड पोखरलं होतं. त्या हिवाळ्यात आईला धुरामुळे जो खोकला लागला तो फाल्गुनापर्यंत गेला नाही. लाकूड झाकलं म्हणजे वाळत नाही, त्याला वारा लागला तरच ते वाळतं, हे मी तेव्हा शिकलो.

म्हणून असं करा. घराच्या भिंतीपासून निदान दोन हात लांब, मोकळ्या वाऱ्याची जागा निवडा. खाली विटा किंवा दगड मांडून त्यावर दोन लांब वासे टाका, लाकूड जमिनीपासून वीतभर वर राहिलं पाहिजे, नाहीतर उधई लागते. खाली राख पसरून ठेवली तर बरं. दोन्ही टोकांना फाटी एक थर उभा, एक थर आडवा अशी चौकट रचत न्या, तोच थप्पीचा आधार. मधे एकाच दिशेने रचा, पण ठासून नको, फटीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. उंची छातीपर्यंत, त्याहून नको. थप्पीची लांब बाजू पश्चिमेकडे तोंड करून ठेवा. खानदेशात उन्हाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या जोरावर. तो वारा थप्पीतून आरपार गेला की दोन महिन्यांत बरंचसं काम होतं. मृगाच्या आधी वर पत्रा टाका, पश्चिमेला हातभर पुढे आणि उतरता, कारण पावसाची झडही तिकडूनच येते. बाजू मोकळ्या ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने सुकं लाकूड थोडी ओल परत ओढतं, ती ऑक्टोबरच्या उन्हात निघून जाते. थेट पाऊस लागला तर मात्र साल पाणी धरून बसते.

भिंतीपासून लांब का, तर उंदरांमुळे. थप्पीत उंदीर आले की मागोमाग मण्यार, घोणस येते, आणि विंचू तर पहिल्या पावसाआधीच आलेले असतात. लाकूड वरून काढत खाली या, मधून ओढू नका. आधी काठीने ठोका, अंधारात बॅटरीशिवाय हात घालू नका. सासऱ्यांना तर थप्पीकडे जाऊच देऊ नका. दुपारी उजेडात दुसऱ्या दिवसापुरतं लाकूड घरात आणून ठेवा.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? मी एका मध्यम फाट्यावर खडूने खूण करतो आणि फोडल्याच्या दिवशी त्याचं वजन लिहून ठेवतो. गेल्या वर्षी असं एक फाटं होळीला ४ किलो २०० भरलं, आखाजीला ३ किलो १००, मृगाला २ किलो ९००. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. भाजीच्या काट्यावरही हे होतं. तुमच्या शाळेतल्या मुलांना करायला द्या, दर सोमवारी एकाने वजन करून फळ्यावर लिहायचं.

पऱ्हाटीबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. कापूस संपला की एकरभर रानातून गाडीभर पऱ्हाट्या निघतात, आणि आमच्याकडची बरीच घरं त्यावरच चूल पेटवतात. पेटायला सोपी, वाळायला आठ दिवस. पण तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पऱ्हाटीचा ढीग शेताच्या बांधावर पावसाळ्यापर्यंत राहिला की त्यातून पतंग निघतात आणि शेजारच्याच नव्या कापसावर जातात. आपणच पुरवलेलं सरपण आपलंच पीक खातं. म्हणून पऱ्हाटी साठवायचं सरपण नाही, आधी संपवायचं सरपण आहे. पौषात उपटली की बोंडं झोडून तिथल्या तिथे जाळा, काड्या शेतापासून लांब, घराजवळ आणा, आणि उन्हाळ्यातच चुलीत संपवा. तुमच्या डोंगरात कापूस कमी, तरी खालून आणलेल्या पऱ्हाट्यांना बोंडं लटकलेली असतील तर ती झोडूनच गाडीत भरायला सांगा. तुराट्यांना ही भीती नाही, त्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत पत्र्याखाली खुशाल ठेवा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. रात्री थंडी फार वाटली म्हणून कोळशाची किंवा इंगळाची उघडी शेगडी बंद खोलीत ठेवून कोणी झोपू नये. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माझ्या शेजारच्या वस्तीवर नवरा-बायको आणि लहान पोरगी अशी झोपली होती. पोरगी रडली म्हणून आई उठली, तिला दारापर्यंत चालवेना, डोकं गरगरतंय, उलटी होतेय. दार कसंबसं उघडलं म्हणून तिघं वाचली. तुमच्या शेगडीला धुराडं आहे ही मोठी गोष्ट. तरीही झोपायच्या आधी आग विझत आलेली असावी, धुराड्याचं तोंड मोकळं असावं आणि खिडकीची एक फळी बोटभर उघडी असावी. सासू-सासऱ्यांचं अंथरूण शेगडीपासून तीन हात लांब. डोकं दुखतंय, मळमळतंय असं दोघांनाही एकदम वाटलं तर ते सर्दीचं समजू नका. आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा.

उंबराचं राहिलं. सासूबाई दत्तासाठी म्हणत असतील आणि ते त्यांच्या जागी योग्यच आहे. आमच्या घरीही उंबर, वड, पिंपळ होमाच्या समिधेपलीकडे कधी जळत नाहीत. सरपणवाला म्हणूनही मी तेच सांगेन. उंबराचं लाकूड हलकं, चिकाचं, वाळायला उशीर लावणारं, धूर जास्त, इंगळ नाहीच. तोडायला जेवढी मेहनत जाते तेवढी ऊब त्यातून परत मिळत नाही. उभा ठेवला तर उन्हाळ्यात त्याच्या सावलीत तुमची बाभूळ फोडायला बसता येईल.